मुद्दा पहिल्या ओळीत

आमच्या कळंबात माणूस कुणाच्या घरी काम घेऊन गेला, तर काम सोडून बाकी सगळं बोलतो. ऊन कसलं पडलंय, तूर फुलोऱ्याला आली का, अमक्याच्या सासऱ्याचं ऑपरेशन लातूरला केलं का सोलापूरला, सगळं होतं. चहा होतो. मग तो 'येऊ का' म्हणून उठतो, दारात जातो, एक पाय चपलेत घालतो आणि दुसऱ्या पायानं चप्पल चाचपडत, आपल्याकडं न बघता म्हणतो, "ते तेवढं एक बोलायचं होतं." ज्यासाठी त्यानं घर सोडलं ते हे. आमच्या मिस्टरांची धान्याची अडत होती. त्यांना ही रीत इतकी पाठ होती की, समोरचा माणूस उठला की हे उलट सावरून बसायचे. आता खरं बोलणं सुरू होणार, हे त्यांना माहीत असायचं.

माझं लग्नसुद्धा असंच दारात ठरलं. माझं माहेर मुरूमच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. घरात कन्नड, शाळेत मराठी. सासरे मला बघायला आले आणि दुपारभर माझ्या वडिलांशी करडईवर बोलले. करडईवर! मी आत नवी साडी नेसून घामाघूम बसलेली, आणि बाहेर हे दोघं करडईला बोंडं कधी धरतात ते एकमेकांना सांगतायत. शेवटी ओट्याच्या पायऱ्या उतरताना सासऱ्यांनी मागं वळून विचारलं, मग पोरगी द्यायची का. वडील म्हणाले, न्यायची असंल तर न्या. झालं लग्न.

अशा मुलखात जन्मभर इंग्रजी निबंध शिकवायचा म्हणजे काय असतं, ते माझं मला माहीत. कारण इंग्रजी निबंधाची रीत बरोबर उलटी. तिथं आलेल्या माणसानं दारातच सांगायचं की, मी अमुक सांगायला आलोय. मग आत यायचं, बसायचं, एकेक कारण द्यायचं, आणि सांगून झालं की उठायचं. माझ्याकडची पोरं पेपरात पान-दीड पान नुसता चहा पाजायची आणि खरा मुद्दा शेवटच्या ओळीत, घंटा झाल्यावर, घाईघाईत लिहायची. बरं, सुरुवात काय? तर 'इंडिया इज ॲन ॲग्रिकल्चरल कंट्री.' झाडांवरचा निबंध असो, मोबाईलवरचा असो, नाही तर क्रिकेटवरचा, आपला देश आधी शेतीप्रधान व्हायचाच. हे वाक्य खोडून खोडून माझी किती लाल पेनं संपली असतील देव जाणे.

मी त्यांना यष्टीची पाटी दाखवायचे. म्हणायचे, गाडीच्या कपाळावर पाटी असते का नाही? कळंब-लातूर. ती वाचून माणूस चढतो. समजा पाटीच नाही, आणि कंडक्टर म्हणाला, बसा तर खरं, कुठं चाललोय ते पोचल्यावर सांगतो, तर चढाल का? पोरं हसायची. हसली म्हणजे समजलं, असं मला वाटायचं. दुसऱ्या दिवशी निबंध बघावा तर पुन्हा शेतीप्रधान देश.

हे सगळं मी दुसऱ्यांना शिकवत होते आणि माझ्या स्वतःच्या पोटात एक वाक्य कितीतरी महिने अडकून पडलं होतं. मिस्टर गेले, त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात मी रिटायर झाले. खालचं अडतीचं शटर बंद झालं ते झालंच. वरच्या तीन खोल्यांत मी एकटी, आणि संध्याकाळी घरीच घेते ती इंग्रजीची शिकवणी. मुलगी एकच, ती पुण्याला दिलेली, तिथंच एका कंपनीत कामाला. मला तिला एवढंच विचारायचं होतं की, मी तुझ्याकडं राहायला येऊ का. एवढं साधं वाक्य. आणि ते मला विचारता येत नव्हतं.

एकटं राहणं म्हणजे काय, हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. मला वाटायचं, बरंच आहे की, निवांत वाचू, झोपू. तसं काही होत नाही. संध्याकाळी शिकवणीची पोरं येतात तेव्हा जिन्यात चपलांचा ढीग पडतो, आणि ती गेली की जिना एकदम रिकामा दिसतो. मग पाणी प्यायलेले पेले गोळा करायचे, पंखा बंद करायचा. त्यानंतर माझ्याशी बोलायला टीव्ही. मिस्टरांनी मला चिडवायला म्हणून माझं तोडकंमोडकं कन्नड शिकून घेतलं होतं. रोज ताटावरून उठताना विचारायचे, "ऊट आयता?" म्हणजे जेवण झालं का. समोर बसून माझ्याबरोबर जेवलेला माणूस, आणि मलाच विचारतोय जेवलीस का! मी रोज वैतागायचे. आता जेवण होतं आणि त्याची चौकशी कुणी करत नाही. कन्नड तर या घरातून उठूनच गेलं. कधीमधी गॅसच्या शेगडीला चार शिव्या देते, तेवढंच.

मुलगी रोज दिवेलागणीला फोन करते. 'अव्वा' म्हणते मला, आमच्याकडं आईला अव्वाच म्हणतात. गोळ्या घेतल्यास का, पाणी आलं का, शिकवणीला किती पोरं आली, एवढं विचारून होतं. मग ती म्हणते, ठेवू का. मी म्हणते, ठेव. झाला फोन.

मी प्रयत्न केला नाही असं नाही. केला, पण आमच्या रीतीनं केला, वळणावळणानं. पहिल्यांदा म्हणलं, जिना चढताना गुडघे लई दुखतात गं. तर कुरिअरनं गुडघ्याचे पट्टे आले, डावा आणि उजवा. मग एकदा म्हणलं, नळाला आठवडा-आठवडा पाणी नसतं, एकट्या बाईनं किती धावपळ करायची. तर पोरीनं पुण्यात बसून गच्चीवर मोठी टाकी बसवून घेतली. प्लंबर आला, टाकी बसवली, चहा पिऊन गेला, मला एक शब्द विचारला नाही. शेवटी अगदी धीर करून म्हणलं, हल्ली मी टीव्ही दिवसभर मोठ्यानं लावून ठेवते. पोरगी काळजीत पडली. म्हणाली, अव्वा, कानाच्या डॉक्टरला दाखवून घे. दाखवलं की मी! कान ठणठणीत निघाले.

त्या दिवशी दवाखान्यातून येताना मला हसू पण आलं आणि रडू पण. माझी मुलगी काही बिनडोक नाही. मी तिच्यापुढं जे टाकत होते त्यालाच डोकं नव्हतं. गुडघे म्हणलं तर ती गुडघे धरणार, पाणी म्हणलं तर टाकी. वाचणाऱ्याला पाटी दिली नाही तर त्याच्या हाताला जे लागेल ते तो धरतो, हे मी वर्गात घसा फोडून सांगितलेलं. आणि माझीच ही गत.

तर शिकवणी. माझ्याकडं निबंधाला बसायचं म्हणजे पहिला आठवडा पेन हातात घ्यायचं नाही, असा नियम आहे. पोरांना हे आवडत नाही. त्यांना वाटतं, मॅडम पाठ करायला काहीतरी देतील. मी देत नाही. मी एकेकाला उभं करते आणि म्हणते, मराठीत सांग, एका दमात, तुला काय म्हणायचंय. एक म्हणाला, झाडं. म्हणलं, झाडं काय? म्हणाला, झाडं महत्त्वाची आहेत. म्हणलं, कुणाला? त्यानं डोकं खाजवलं, मागं बघितलं, मग म्हणाला, आमच्या शाळंपुढचा लिंब रस्त्यासाठी तोडला, आता पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत न्हाय. मी म्हणलं, बस. हा तुझा निबंध. हे वर लिही. तो म्हणाला, एवढंच? त्याला वाटलं मी चेष्टा करते.

मग पुढचं. तू असं पहिल्या ओळीत म्हणलास की वाचणारा तुला विचारणार, कशावरून? त्याचा एक परिच्छेद. तिथं खोलीतलं ऊन सांग, पोरांच्या डोळ्यावर येणारी झापड सांग, आणि दुसरं काही सांगू नको. मग तो विचारणार, असं का झालं? त्याचा दुसरा. रस्ता, लिंब, कुणी विचारलं नाही, ते सगळं तिथं. मग तो विचारणार, बरं मग, आता काय म्हणतोस? तो शेवटचा. शेवटाला सुरुवातीचं वाक्य पुन्हा लिहायचं नाही. एवढा वेळ बसवून घेतलंस, तर वाचणाऱ्याला काहीतरी हातात देऊन पाठव. आणि लिहून झालं की एकेका परिच्छेदावर बोट ठेवून त्याला विचार, तू इथं कशाला बसलास? ज्याला उत्तर देता येत नाही त्याला उठव, मग तो कितीही सुंदर असो. इंग्रजी नंतर. आधी काय म्हणायचंय ते ठरलं, त्याची पायरी-पायरी लागली, की साधंसुधं इंग्रजी पुरतं. ज्याचं ठरलेलंच नसतं त्याला मोठमोठे शब्द लागतात. हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

गेल्या हिवाळ्यात बारावीची एक पोरगी यायची, येरमाळ्याकडच्या खेड्यातली. यष्टीनं यायची, यष्टीनं जायची. बोलायला कमी, पण अक्षर टपोरं आणि नजर सरळ. मी सगळ्यांना 'माझी जिवलग मैत्रीण' असा विषय दिला होता. जुनाच विषय, पण त्यात पोरांची परीक्षा होते, कारण त्यावर सगळ्यांचं पाठ असतं. हिनं पाठ केलेलं लिहिलं नाही. फुलस्केपच्या दोन पानांवर तिनं मैत्रिणीबद्दल लिहिलं होतं. मैत्रिणीच्या डब्यातली कडक भाकरी आणि शेंगांची चटणी, चैत्रातल्या देवीच्या जत्रेत रिवाज म्हणून दोघींनी मिळून वेचलेले चुनखडीचे खडे, यष्टीत एका सीटवर दोघींचं बसणं. सगळं छान, पण सगळं नुसतं एकाशेजारी एक ठेवलेलं. मी मान हलवत वाचत होते. आणि शेवटची ओळ आली. इंग्रजीतच होती, साधी सरळ. तिचा अर्थ असा की, दिवाळीपासून ती माझ्याशी बोलत नाही.

मी पान उलटून बघितलं, पुढं काही आहे का. काही नव्हतं. ज्यासाठी ती पोरगी इतकं लिहीत आली होती ते तिनं चपलेत पाय घालून सांगितलं आणि निघून गेली.

मी तिला थांबवून घेतलं. बाकीची पोरं गेली. म्हणलं, ही ओळ उचल आणि पहिली लिही. तिनं मान खाली घातली. म्हणाली, मॅडम, ती वर लिवायची लाज वाटती. म्हणलं, लाज कसली, खाली लिहिलीसच की. म्हणाली, खाली कोन बघतंय. मला राग आला. मी बघते की, मी शेवटपर्यंत वाचते, म्हणून तर तुला बसवून घेतलंय. मग मी तिला माझं नेहमीचं सगळं ऐकवलं, पाटी, यष्टी, सगळं. ती ऐकून घेत होती. तिला ते कळत नव्हतं असं नाही. तिला ते नको होतं.

सगळं ऐकून झाल्यावर तिनं वर बघितलं आणि अगदी सरळ, उद्धटपणा न करता विचारलं, "मॅडम, तुमी बोलता का असं? घरच्या मान्साला, पयल्याच ओळीत?"

माझ्या अंगाची लाही लाही झाली. तिला म्हणलं, माझ्या घरच्यांशी काय बोलायचं ते मी बघेन, तू आधी तुझ्या क्रियापदांचं बघ, प्रत्येक ओळीत एकेक चुकलंय. ती बरं म्हणाली आणि पानं घडी करून निघाली. तिची चप्पल जिन्यावर वाजत गेली, आणि मी तिथंच खुर्चीत बसून राहिले. तेवढ्यात मुलीचा फोन आला. गोळ्या झाल्या, पाणी झालं, पोरं किती आली ते झालं. ठेवू का, म्हणाली. माझ्या तोंडात ते वाक्य आलं होतं, आणि मी म्हणलं, ठेव.

दोन-तीन दिवस ती पोरगी आली नाही. मला वाटलं, आता येत नाही. माझ्या जिभेला हाड नाही, हे मिस्टर नेहमी म्हणायचे. मग एका संध्याकाळी आली आणि काही न बोलता नवीन पानं माझ्यापुढं ठेवून शेवटच्या रांगेत जाऊन बसली.

पहिलीच ओळ ती होती. माझी जिवलग मैत्रीण दिवाळीपासून माझ्याशी बोलत नाही. आणि पुढं काय झालं होतं बघा, भाकरी तीच, चटणी तीच, पण आता त्यांना काम लागलं होतं. दुसऱ्या परिच्छेदात तिनं लिहिलं होतं की, शाळेत सगळ्यांदेखत आपण तिच्या डब्याला हसलो, रोज उठून वाळकी भाकरी काय आणतेस, असं म्हणलो. पहिल्या निबंधात जो डबा नुसता शोभेला होता, तोच भांडणाचं कारण होता, आणि ते तिला स्वतःलाही वरची ओळ लिहिल्यावर सापडलं होतं. चुनखडीचे खडे तिनं काढूनच टाकले होते. मी तिला नंतर विचारलं, का काढलेस, चांगले होते की. म्हणाली, त्यांना विचारलं, कशाला बसलात, त्यांना सांगता आलं न्हाय. आणि शेवट? शेवटी तिनं लिहिलं होतं की, उद्या यष्टीत मी तिच्याच शेजारी बसणार आहे, तिनं खिडकीबाहेर बघितलं तरी चालेल.

क्रियापदं चुकलेलीच होती. मी लाल पेन उचललं आणि परत ठेवून दिलं. इतकी वर्षं शिकवून असा निबंध माझ्या हातात क्वचित पडला, आणि तो वाचून मला आनंद व्हायला हवा होता. झाला पण. पण त्याच्याहून जास्त मला स्वतःची लाज वाटली. या एवढ्याशा पोरीनं केलं, आणि मी गुडघ्याचे पट्टे घेऊन बसलेय.

निबंध आदल्या रात्री लिहिलेला, म्हणून तिला विचारलं, मग बसलीस का शेजारी. म्हणाली, बसले. बोलली का? न्हाय, म्हणाली, खिडकीबाहेर बघत व्हती. हे तिनं अगदी नेहमीच्या आवाजात सांगितलं. उद्या परत बसणार होती.

दुसऱ्या दिवशी सकाळची लिंगपूजा झाली, आणि मी पोरांना उभं करते तसं स्वतःला उभं केलं. हॉलमध्ये, फळ्यापुढं, एकटी. म्हणलं, सांग, एका दमात. मराठीत सुरू केलं तर वाक्य काही केल्या संपेना. तुला जमणार असेल तर, जावयांना चालणार असेल तर, तुझ्या सासूबाईंची हरकत नसेल तर, चार दिवसांसाठी म्हणून, मग पुढचं पुढं बघू. निम्मं कळंब फिरून आलं ते वाक्य. कन्नडमध्ये म्हणायला गेले तर दुसऱ्या शब्दाला मिस्टरांचं 'ऊट आयता' आठवलं आणि वाक्य तिथंच सोडलं. मग इंग्रजीत म्हणलं. इंग्रजीत ते एवढंसं झालं, शाळेतल्या पोराला लिहिता येईल एवढं. मला तुझ्याजवळ राहायचंय. पुढं काही जोडायला जागाच नाही. मी ते फळ्यावर लिहिलं आणि खडू हातात धरून त्याच्याकडं बघत उभी राहिले. खरं सांगते, मला ते बघून धडकी भरली.

दिवेलागणीला तिचा फोन यायची वाट बघितली असती तर पुन्हा गोळ्या आणि पाणी झालं असतं. म्हणून मी भर दुपारी केला. मी कधी दुपारी करत नाही, त्यामुळं ती घाबरलीच. काय झालं अव्वा, पडलीस का, बीपी वाढलं का. मी म्हणलं, काही झालं नाही, मला एक सांगायचंय, ते आधी सांगू दे.

"मला इथं एकटीला राहवत नाही. मला तुझ्याकडं राहायला यायचंय."

पलीकडं कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, एक मिनिट हां. चालण्याचा आवाज आला, दार लावल्याचा आला. बाथरूम असावं, कारण तिचा आवाज घुमायला लागला.

"अव्वा, तू येऊ नको," ती म्हणाली.

त्या क्षणाला मला पाटी, यष्टी, परिच्छेद, सगळ्याचा संताप आला. आमची माणसं दारात जाऊन का बोलतात ते मला तेव्हा कळलं. नाही म्हणलं कुणी, तर पाय आधीच चपलेत असतो. तोंड न दाखवता जाता येतं. मी मात्र आत येऊन, नीट बसून, आधी बोलले होते, आणि आता मला जायला जागा नव्हती. बरं ठेवते, एवढं म्हणायचं फक्त बाकी होतं. पण पोरांना विचारून विचारून तोंडाला सवय झालेली, ती कामाला आली. मी विचारलं, का?

मग ती हळूहळू बोलायला लागली, आणि थांबत थांबत, पण एकदाही विषय न सोडता बोलली. म्हणाली, इथं आम्ही तिघं असतो. हे त्यांच्या लॅपटॉपवर, सासूबाई त्यांच्या मोबाईलवर, मी कानाला हेडफोन लावून कंपनीच्या लोकांशी. कुणी वाईट नाही, कुणी छळत नाही, असं काही मनात आणू नको. पण जेवताना पण कुणी कुणाशी बोलत नाही. कंपनीतलं बोलणं सोडलं तर दिवसात माझ्या तोंडून एक शब्द निघत नाही.

मी ऐकत होते. मला वाटत होतं तिचं घर भरलेलं आहे. मी इतके महिने गप्प राहिले ती याच भीतीनं की, त्या भरल्या घरात माझी अडचण व्हायची. तिला एकदा विचारलंसुद्धा नव्हतं की, तू कशी आहेस. विचारलं असेल, पण असं, उत्तराची वाट न बघता.

"संध्याकाळी तुझ्याशी बोलते तेवढंच माझं बोलणं असतं," ती म्हणाली. "तू इथं आलीस की तूही त्या सोफ्यावर गप्प बसशील, अव्वा. मग मी फोन कुणाला करू?"

आणि ती रडायला लागली. लहानपणी पडली-झडली तरी न रडणारी पोरगी. मला इकडं कळेना, हात कुठं ठेवावा. तिच्या डोक्यावर ठेवायचा तर ती पुण्याला.

"मग तू ये," मी म्हणलं.

ती म्हणाली, असं कसं येऊ, सुट्टी, घर, ह्यांना काय सांगू. मी म्हणलं, ते मागनं बघू. काम कंप्युटरवरच आहे ना तुझं, कंप्युटर घेऊन ये. आठ दिवस ये, महिनाभर ये, इथं तीन खोल्या आहेत आणि बोलायला मी आहे. ती हो म्हणाली नाही, नाही पण म्हणाली नाही. नुसती रडत होती, तिकडं कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून तोंड दाबून. मी तिला गप्प बस म्हणलं नाही. मी पण रडत होते, पण आवाज खणखणीत ठेवून एवढंच म्हणत राहिले, मोठ्यानं रड, मी इथंच आहे.